कुशीवर वळताच खोली फिरते: दोष मानेचा की कानाचा?

प्रश्न: माझं वय ५६. तीन महिन्यांपूर्वी पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि सगळी खोली गरगर फिरायला लागली. अर्ध्या मिनिटात थांबली, पण मळमळ तासभर राहिली. तेव्हापासून उजवीकडे वळलं, आडवं झालं किंवा वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली की हेच होतं. एरवी दिवसभर डोकं हलकं आणि चालताना तोल सांभाळावा लागतो. ऐकू नीट येतं. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली म्हणून पट्टा दिला. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. बेटाहिस्टिन दिवसातून तीनदा आणि सिनॅरिझिन रात्री अशा चकरेच्या गोळ्या दोन महिने चालू आहेत. आता मी तीन उशा लावून अर्धवट बसूनच झोपते आणि मान शक्यतो हलवत नाही. मुलगी म्हणते, व्हिडिओ पाहून घरीच कानाचा व्यायाम करू. करावा का? आणि हे कायमचंच आहे का?

उत्तर: तुम्ही दिलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की निदानाचा बराचसा भाग त्यातच आहे. कुशीवर वळल्यावर सुरू होणारी, एका मिनिटाच्या आत थांबणारी, खोली फिरवणारी आणि ऐकण्यावर काहीही परिणाम न करणारी चक्कर बहुतेक वेळा आतल्या कानातून येते. डॉक्टर तिला बीपीपीव्ही म्हणतात, म्हणजे डोक्याची स्थिती बदलताच येणारी, जिवाला धोका नसलेली चक्कर. गरगरणाऱ्या चकरेचं हे सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे आणि सर्वांत सहज बरं होणारंही. मात्र पत्र वाचून निदान पक्कं होत नाही. त्यासाठी पाच मिनिटांची एक तपासणी लागते, आणि तुमच्या पत्रात नेमका तिचाच उल्लेख नाही.

आधी कानात काय बिघडतं ते पाहू, कारण पुढचे उपाय त्यावरच उभे आहेत. आतल्या कानात युट्रिकल नावाची एक छोटी पिशवी असते. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. डोकं कोणत्या बाजूला कललंय हे मेंदूला त्या कणांच्या वजनावरून कळतं. पिशवीला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या द्रवाने भरलेल्या असतात आणि त्यांचं काम फक्त डोकं फिरल्याची खबर देणं. वयोमानाने, डोक्याला मार लागल्यामुळे, खूप दिवस अंथरुणाला खिळल्यामुळे किंवा कानाच्या आजारानंतर काही कण थरापासून सुटतात आणि एखाद्या नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, कारण उभं असताना आणि झोपल्यावरही ती सर्वांत खाली असते. तुम्ही कुशीवर वळता तेव्हा हे कण वजनाने खाली सरकतात आणि सोबत द्रवाला ओढतात. डोकं थांबलेलं असतं, पण नलिका ‘फिरतंय’ असंच कळवत राहते. कण तळाशी बसले की द्रव थांबतो आणि चक्करही थांबते. म्हणून झटका सेकंदांत मोजता येतो. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, हे जास्त दिसतं.

आता मानेबद्दल. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची थोडीफार झीज दिसतेच, त्यांना चक्कर असो वा नसो. तेव्हा झीज दिसली एवढ्यावर तिला जबाबदार धरता येत नाही. फरक ओळखायचा एक मार्ग आहे. ताठ बसून मान सावकाश उजवीकडे-डावीकडे वळवली तर गरगरत नाही, पण मान न पिळता संपूर्ण अंग एका रेषेत ठेवून कुशीवर वळलं तरी गरगरतं, असं असेल तर दोष मानेचा नाही. दुसऱ्या कृतीत मान वळलेलीच नसते, बदलते ती फक्त गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत डोक्याची दिशा. एमआरआयचंही तसंच. तो नॉर्मल आला ही चांगली गोष्ट आहे, पण नलिकेतले कण त्यात दिसत नाहीत. म्हणून ‘सगळं नॉर्मल आहे’ या वाक्याचा अर्थ ‘काहीच झालेलं नाही’ असा घेऊ नका.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा चकरेवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि स्पष्ट विचारा: “माझी डिक्स-हॉलपाइक चाचणी कराल का?” ही चाचणी १९५२मध्ये वर्णन केली गेली आणि अजूनही निदान तिच्यावरच होतं. तुम्ही तपासणीच्या टेबलवर पाय लांब करून बसता. तपासणारे तुमचं डोकं ४५ अंश उजवीकडे वळवतात आणि तुम्हाला झटकन मागे झोपवतात, डोकं टेबलाच्या कडेच्या २०-३० अंश खाली झुकेल इतकं. त्यानंतर त्यांचं सगळं लक्ष तुमच्या डोळ्यांकडे असतं. पहिले दोन-पाच सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं वरच्या दिशेने झटके द्यायला लागतात आणि त्याच वेळी, घड्याळाचा काटा थोडासा सरकून परत यावा तशी, खालच्या कानाच्या बाजूला पिळतात. वेग वाढतो, शिगेला पोचतो, ओसरतो, आणि साधारण अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं. पुन्हा बसवलं की थोडे उलटे झटके दिसतात. चाचणी लगेच परत केली तर जोर कमी झालेला असतो. उजवीकडे असं दिसलं आणि डावीकडे दिसलं नाही की दोष उजव्या कानाच्या मागच्या नलिकेत. डोळे मिटू नका, कितीही गरगरलं तरी. डोळे मिटले तर तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

चाचणीआधी एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्या: चक्कर दाबणाऱ्या गोळ्या एक-दोन दिवस बंद ठेवता येतील का. त्या चालू असताना डोळ्यांचे झटके मंदावतात आणि खरा दोष लपू शकतो. रक्तदाब, मधुमेह, हृदय यांच्या गोळ्या मात्र एकही चुकवायची नाही.

निदान जमलं की उपचार त्याच टेबलवर, त्याच वेळी होतो. त्याला एप्ली मॅन्युव्हर म्हणतात. जॉन एप्ली यांनी तो १९९२मध्ये प्रसिद्ध केला. कल्पना अशी की डोकं ठराविक क्रमाने फिरवायचं, म्हणजे कण नलिकेतून घरंगळत परत युट्रिकलमध्ये पडतील, जिथे ते त्रास देत नाहीत. एक-दोन बैठकींत बहुसंख्य लोकांची झटके देणारी चक्कर जाते. आमचा स्पष्ट आग्रह आहे की पहिली खेप तज्ज्ञांच्या हातूनच व्हावी. बाजू, नलिका आणि निदान तिन्ही पक्की झाली, त्यांनी तुमच्या मानेची तपासणी केली आणि घरी करायला हरकत नाही असं सांगितलं, तरच मुलीच्या मदतीने घरी करा. मानेची शस्त्रक्रिया झाली असेल, मानेतही पसरलेला संधिवात असेल, मानेच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर घरी बिलकुल नको.

उजव्या कानासाठी क्रम असा. पलंगावर पाय लांब करून बसा. मागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नाही. डोकं ४५ अंश उजवीकडे वळवा, म्हणजे नाक साधारण उजव्या खांद्याच्या आणि समोरच्या मधोमध येईल. तसंच ठेवून झटकन मागे पडा. डोकं आता किंचित मागे झुकलेलं असेल. गरगरणं सुरू होईल आणि थांबेल. थांबल्यावरही अर्धा मिनिट थांबा, एकूण साधारण एक मिनिट. मग डोकं जराही वर न उचलता ९० अंश डावीकडे न्या. आता नाक डाव्या खांद्याच्या दिशेने. पुन्हा एक मिनिट. त्यानंतर अंग डाव्या कुशीवर वळवा आणि अंगासोबत डोकंही आणखी ९० अंश फिरवा, इतकं की नाक जमिनीकडे रोखलेलं असेल. या स्थितीत पुन्हा थोडं गरगरलं तर घाबरू नका, कण योग्य दिशेने पुढे सरकल्याचं ते लक्षण असतं. एक मिनिटानंतर हनुवटी छातीकडे ओढून ठेवा, पाय डावीकडून खाली सोडा आणि सावकाश उठून बसा.

शेवटचं हे उठून बसणं मुलीने खांद्याला धरूनच व्हायला हवं. काही जणांना नेमकं या क्षणी कोणीतरी ढकलल्यासारखा जोरदार झोक जातो. कण पिशवीत पडताना असं होतं. तो काही सेकंदांतच ओसरतो, पण उभं राहायच्या आत दोन-तीन मिनिटं बसून काढा. एका वेळी एक फेरी पुरे. दिवसातून तीनदा करता येते आणि सलग २४ तास एकही झटका आला नाही की थांबवायची.

व्हिडिओ बघून केलेला प्रयोग फसतो तो ठराविक जागी. सर्वांत जास्त चूक होते ती दुसऱ्या टप्प्यात: डोकं डावीकडे नेताना माणूस नकळत ते उचलतो आणि कण आले तिकडेच परत जातात. दुसरी चूक, डाव्या कुशीवर आल्यावर नाक जमिनीऐवजी भिंतीकडे राहतं. तिसरी, गरगरायला लागताच घाबरून उठून बसणं. उशी डोक्याखाली ठेवली तर पहिला टप्पाच पुरा होत नाही. आणि कान चुकीचा निवडला तर सगळंच निष्फळ. क्वचित असंही होतं की कण मागच्या नलिकेतून आडव्या नलिकेत शिरतात. मग चक्कर आधीपेक्षा जोराची येते आणि दोन्ही कुशींवर येते. अशा वेळी त्याच फेऱ्या पुन्हा पुन्हा करू नका. आडव्या नलिकेसाठी युक्ती वेगळी आहे: त्यात पडल्यापडल्या डोकं आणि अंग चांगल्या कानाकडून टप्प्याटप्प्याने पूर्ण गोल फिरवतात. दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवायची चाचणीही वेगळी असते, म्हणून पुन्हा तज्ज्ञांकडे जा.

मॅन्युव्हरनंतर दोन रात्री बसून झोपा, पट्टा बांधा, कुशीवर वळू नका, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. त्याने फारसा फरक पडत नाही असं आढळलं आहे आणि अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अशी बंधनं घालू नयेत असंच म्हटलं आहे. त्याच सूचना बीपीपीव्हीसाठी चक्कर दाबणाऱ्या गोळ्या नेहमी देऊ नयेत असंही सांगतात.

आता गोळ्यांकडे वळू, कारण तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटते. नलिकेत अडकलेला कण कोणतीही गोळी बाहेर काढू शकत नाही. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेक्लिझिन ही औषधं तोलाच्या केंद्राला सुस्त करतात. पहिल्या एक-दोन दिवसांत उलट्या आणि भीती आवरायला त्यांचा उपयोग आहे. पण महिनोन् महिने घेतली तर मेंदूला नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायची संधीच मिळत नाही. झोप येते, डोकं जड राहतं, वयस्क माणसांत पडण्याचा धोका वाढतो. सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन फार काळ घेतल्यावर हात थरथरणं, चाल मंदावणं, अंग ताठरणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणंही उद्भवू शकतात. तुम्हाला दिवसभर डोकं हलकं वाटतं त्यात आजाराइतकाच वाटा रात्रीच्या गोळीचा असू शकतो. डॉक्टरांना थेट विचारा: ही गोळी कशासाठी, किती दिवस आणि कधी थांबवायची. बेटाहिस्टिनचं नाव बीपीपीव्हीच्या उपचारात मुळातच यायला नको.

दिवसभराच्या अस्थिरतेला आणखी दोन कारणं आहेत. एक, भीतीने मान धरून ठेवणं. तोल सावरायला मेंदूला डोळे, कान आणि सांधे या तिघांकडून ताजी माहिती लागते. मान अडकवून ठेवली की त्यातली कानाची आणि मानेची माहिती बंद होते, स्नायू आखडतात आणि अस्थिरता वाढते. पट्टा काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. बीपीपीव्हीला त्याचा काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे, काही कण अजूनही शिल्लक असणं. मॅन्युव्हर यशस्वी झाल्यावरही काही दिवस ते दोन-तीन आठवडे थोडं तरंगल्यासारखं वाटू शकतं, ते आपोआप जातं.

ते लवकर जावं म्हणून एक साधा व्यायाम आहे. हाताच्या अंतरावर भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक ठळक अक्षर चिकटवा. त्यावर नजर रोखून डोकं ‘नाही’ म्हणताना हलवतो तसं डावी-उजवीकडे हलवा, अक्षर स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने. अर्ध्या मिनिटाने थांबा, विश्रांती घ्या, मग ‘हो’ म्हणताना हलवतो तसं वर-खाली. दिवसातून तीन वेळा. सुरुवातीला बसून, आठवड्याने उभं राहून, पुढे पाय जवळ ठेवून. व्यायामात थोडं गरगरायलाच हवं, त्याशिवाय मेंदू शिकत नाही. पण ते पंधरा-वीस मिनिटांत शमलं पाहिजे. तासभर राहिलं तर वेग किंवा वेळ निम्मा करा.

झटका जाऊनही तीन महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस अस्थिर वाटत राहिलं, आणि गर्दीत, मोबाइलचा पडदा सरकवताना किंवा हलणारी दृश्यं बघताना ते वाढलं, तर त्याला वेगळं नाव आहे, पीपीपीडी. त्यावर असेच पण पायरीपायरीने वाढवलेले व्यायाम, भीतीवर समुपदेशन आणि गरज पडल्यास नैराश्यविरोधी गटातली औषधं वापरतात. याला ‘मनाचे खेळ’ म्हणून कुणी उडवून लावलं तर ऐकून घेऊ नका.

हे वाचणाऱ्या इतरांना एक विनंती. ‘चक्कर कशी वाटते’ याचं वर्णन करण्यापेक्षा ती किती वेळ टिकते, कशाने सुरू होते आणि सोबत काय होतं हे वहीत लिहून न्या. वीस मिनिटं ते काही तास टिकणारी, एका कानात दडा, घुमणारा आवाज आणि कमी-जास्त होणारं ऐकू येणं अशी चक्कर मेनियर या आतल्या कानाच्या आजाराकडे बोट दाखवते. त्याला श्रवण चाचणी हवी आणि आहारातलं मीठ कमी करावं लागतं. काही मिनिटं ते तीन दिवसांपर्यंत कितीही टिकणारी, उजेड किंवा आवाज नकोसा करणारी, पूर्वी अर्धशिशीचा त्रास असलेल्यांना येणारी चक्कर अर्धशिशीचीच असू शकते, त्या वेळी डोकं दुखत नसलं तरीही. सर्दी-तापानंतर अचानक आलेली, दिवसरात्र सलग राहणारी आणि ऐकू मात्र नीट येणारी चक्कर तोलाच्या नसेला आलेल्या सुजेमुळे असू शकते. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर कानाआधी रक्तदाब बघा: पाच मिनिटं आडवं राहून एकदा, आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण बहुधा तिथेच आहे.

काही लक्षणांत मात्र वही, व्यायाम, व्हिडिओ सगळं बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठायचं असतं. चकरेसोबत दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळता न येणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा किंवा बधिर पडणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, अचानक आलेली तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, एका कानाने अचानक ऐकू न येणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात सुरुवातीला फक्त चक्कर म्हणून येऊ शकतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये तो सुरुवातीला बरेचदा दिसत नाही, पहिल्या दोन दिवसांत एमआरआयमध्येही हुकू शकतो. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आहे, घरी जा’ असं सांगितलं आणि माणूस आधाराशिवाय उभाही राहू शकत नसेल, तर तिथेच थांबा आणि न्यूरॉलॉजिस्टकडून डोळ्यांच्या हालचालींची तपासणी करून घ्या.

तुमचा शेवटचा प्रश्न: हे कायमचंच आहे का? नाही. पण पुन्हा उद्भवू शकतं. साधारण निम्म्या लोकांना पाच वर्षांत कधीतरी परत त्रास होतो. ड जीवनसत्त्वाची पातळी एकदा तपासून घ्या. कोरियातल्या २०२०च्या एका मोठ्या अभ्यासात, पातळी कमी असलेल्यांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिल्यावर त्रास उलटण्याचं प्रमाण कमी झालं होतं. तुमच्या वयाला हाडांची घनताही तपासून घेणं योग्य ठरेल, कारण हाडं ठिसूळ झालेल्यांमध्ये हा त्रास जास्त दिसतो.

तोवर आजपासून एवढं करा. तीन उशांची अर्धवट बैठक हळूहळू कमी करत आणा. उठताना आधी कुशीवर या, पलंगाच्या कडेला एक मिनिट बसा, मगच उभ्या राहा. रात्री स्वच्छतागृहापर्यंतचा दिवा लावून ठेवा. शिडीवर चढू नका, वरच्या फळीवरच्या रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीला आणा. झटके थांबेपर्यंत गाडी चालवू नका, आणि तपासणीला जाताना मुलीला सोबत घ्या. पुढे कधी त्रास उलटला तर गेल्या वेळचाच कान असेल असं गृहीत धरू नका. त्या खेपेला डावा असू शकतो, म्हणून मॅन्युव्हरच्या आधी बाजू पुन्हा तपासून घ्या.